सोनकांबळे सरांच्या आवाजातला घुमारा

आवाजाच्या कामात अख्ख्या हैदराबादेत माझा हात धरणारा माणूस नव्हता! म्हणजे माइकची पिन कुठं खुपसायची ते मला कळायचं. दोन भोकांत चुकीची खुपसून झाली की तिसरं बरोबर कळायचं. सातवी नापास माणसाला एवढं पुष्कळ.

या धंद्यात किस्से जुन्या वायरींसारखे साठतात. फेकवत नाहीत, आणि एक ओढायला जावं तर सगळा गुंता हातात येतो. आज ओढतोय तो गुंता कोठी भागातल्या श्रीनिवासच्या कॉम्प्युटर सेंटरचा.

तेव्हा देशात सगळं नवं नवं सुरू झालं होतं. दिलसुखनगरात खांबाखांबावर सॉफ्टवेअर कोर्सचे बोर्ड, जणू खांबांनाही अमेरिकेला जायचं होतं! आमचे सोनकांबळे सर तिथंच एका कोचिंगमध्ये गणित शिकवायचे. मूळचे नांदेडकडचे. आवाज असा, की शेवटच्या बाकावर झोपलेला गडी दचकून सूत्र म्हणायचा. त्याच आवाजाच्या पेटीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पेटीच काढावी लागेल, नंतर बोलणं बंद.

वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, ठरवलं, ऑपरेशनच्या आधी सरांचे धडे कॉम्प्युटरवर भरून ठेवायचे. सेंटर श्रीनिवासचं, आणि माइकसाठी बोलावलं कुणाला? लग्नाच्या मंडपात भोंगे लावणाऱ्या मला!

*

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "डियर स्टुडंट्स!" कॉम्प्युटर म्हणाला, "डंट्स... डंट्स... डंट्स..." आणि मग अशी शिट्टी, की खालच्या पुस्तकवाल्यानं वर येऊन विचारलं, कुकर कुणाचा?

श्रीनिवास तेलुगू, पण आमच्याशी बोलायचा दक्खनीत. म्हणाला, "अंकल, इसमें कुछ तो बी घुस गया."

मी तोंड सुतकी केलं. "हौ. लिंबू-मिरची बांध."

बांधली की गड्यानं मॉनिटरला! तो गाठ मारत होता तेवढ्यात मी हळूच स्पीकर बंद केले. भानगड एवढीच होती, की स्पीकरमधून निघालेला सरांचा आवाज समोरचा माइक परत उचलायचा, तो परत स्पीकरमधून निघायचा. आता ऐकायचं ते हेडफोन लावून. शिट्टी गेली, डंट्स-डंट्स गेलं.

श्रीनिवासनं लिंबाला हात जोडले. "पावरफुल है, अंकल!"

*

शिट्टी गेली तरी घुमारा राहिलाच. खोली नव्या फॅशनची होती ना! चकचकीत फरशी, काचेचं दार, भिंतींना ऑइल पेंट. शब्द भिंतीवर आपटून परत यायचा. मंडपात कापड असतं, तिथं हे होत नाही. तेवढ्यावरून मी म्हटलं, भिंतींना कपडे घाला.

वहिनी ऑटो भरून गोधड्या घेऊन आल्या. आम्ही खिळे ठोकून टांगल्या. खोली एकदम गप्प झाली. सरांनी चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाले, "जन्मभर वर्गातली पोरं झोपवली. आता भिंतींनाही पांघरूण!"

आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले, आणि हसता हसता खोकला लागला, तो थांबेना. वहिनी पंखा लावायला उठल्या, बटणापर्यंत हात गेला आणि तिथंच थांबला. पंख्याची घरघर माइकात येते, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

*

मग एकदा सर दवाखान्यात दाखवायला गेले होते आणि श्रीनिवास कालचा धडा ऐकत बसला होता. मला म्हणतो, "अंकल, एको वापस आ गया! हर लाइन दो बार आ री!"

मी हेडफोन लावला. ऐकलं. आणि मला सगळं कळलं! पण सांगतो कशाला? म्हटलं, "माइकचा स्क्रू आवळून बघ." आवळला. "वायर बदल." बदलली. "आता कॉम्प्युटर खोलून धूळ झटक." दुपारभर बिचारा घामाघूम.

संध्याकाळी सर आले. श्रीनिवास रडवेला होऊन सांगायला लागला. खरी भानगड अशी, की कोचिंगमधली पोरं वहीत उतरवून घेतात, म्हणून सरांना वर्षानुवर्षांची सवय, प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचं. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, वो एको नहीं. वो मैं हूँ."

थांबून परत म्हणाले, "वो मैं हूँ."

*

माझी जीभ म्हणजे लगाम नसलेलं घोडं. एक दिवस सरांचा आवाज फारच बसला होता. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "सर, ऑपरेशननंतर वहिनींची चैन हो! काही बोलल्या तरी उलट उत्तर नाही!"

सरांनी टाळी दिली. श्रीनिवासही हसला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन जिन्यात गेल्या. तांब्या भरलेलाच होता.

*

शेवटचा धडा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. सरांकडं आता आवाज म्हणजे भांड्याच्या बुडाशी राहतो तेवढा. तो त्यांनी सगळा खरवडून त्या धड्याला लावला. पोरांचा निरोप घेतला, माइक बाजूला केला.

आम्ही ऐकायला बसलो आणि माझं डोकं फिरलं. घुमतंय! जणू सर मोठ्या सभागृहात एकटेच उभे आहेत! श्रीनिवासनं कॉम्प्युटरमध्ये नवं साउंड कार्ड घातलं होतं. त्यात म्हणे आवाज पाहिजे तसा करता यायचा: बाथरूमचा, गुहेचा, हॉलचा. यानं न विचारता हॉल लावलेला.

"कायकू रे?"

"इत्ते बडे सर, अंकल. लास्ट लेसन. छोटे रूम का आवाज कैसा रखूँ?"

आवाजात एकदा मिसळलेला घुमारा आम्हाला काढता येईना. चहातली साखर कोण काढणार? आणि सरांना परत बोला म्हणायची सोय नव्हती. शिवी द्यायला मी तोंड उघडलं, श्रीनिवासचा चेहरा बघितला आणि मिटलं.

*

ऑपरेशननंतर भेटायला येणारा प्रत्येक माणूस सरांशी ओरडून बोलायचा. "कसं वाटतंय सर?" "जेवलात का सर?" गल्लीला ऐकू जाईल असं! मीही दारातून बोंबललो, "सर, मी आलोय!"

सरांनी उशाशी ठेवलेली पाटी घेतली, खडूनं लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

"पेटी गेली. कान आहेत."

*

महिनाभरानं सगळे धडे सीडीवर उतरवून मी सरांच्या घरी गेलो. सर खिडकीशी बसले होते, गळ्याभोवती पांढरा रुमाल. वहिनींनी कॉम्प्युटर सुरू केला. मी छाती काढून सांगितलं, "वहिनी, एक शेवटचा धडा सोडा, त्यात घुमारा राहिला, पोरं हसतील. तो आपण काढून टाकू. बाकी सगळे असे साफ केलेत, की वाक्य संपलं की एकदम चूप!"

वहिनींनी एकदा खिडकीकडं बघितलं.

"चूप आमच्याकडं भरपूर आहे, भाऊजी. तो घुमणाराच लावा."