दाराहून मोठा रांजण

टकोराकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्या हेल्मेटवर बोटाच्या पेराने दोन टकोरे मारले, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "वरचं पक्कं आहे. आतलं किती भाजलंय ते हळूहळू कळेल." मी तेव्हा स्कूटीवरून उतरलेही नव्हते. समोर येईल ती वस्तू वाजवून बघायची या माणसाला खोडच होती. मडकी वाजवायची हे ठीक, कारण तडा गेलेलं मडकं बद्द वाजतं आणि धड असलेलं खणखणीत, एवढं कुंभाराला कळायलाच हवं. पण काका कलिंगडं वाजवायचे, एसटीचा पत्रा वाजवायचे, मतं मागायला आलेल्या उमेदवाराच्या गाडीचं बॉनेट वाजवायचे. एकदा रक्तदाब तपासायला आलेल्या डॉक्टरांच्या पोटावर टकोरा मारून त्यांनी "टकोराबंध" असा शेरा दिला होता. टकोराबंध म्हणजे गुजरातीत अगदी धडधाकट, कुठे चीर नसलेलं. काकांकडची ही सर्वांत मोठी पदवी. ती मला शेवटपर्यंत मिळाली नाही.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. तलासरीच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की त्यांचं कौलारू घर, पुढे अंगण, अंगणात भट्टी. आमची झाईजवळ चिकूची वाडी. वाडीतल्या नर्सरीसाठी मोठ्या कुंड्या घ्यायला मी गेले होते. कुंड्या घेतल्या, आणि जाता जाता विचारलं, "काका, मला शिकवाल का? मोठी भांडी करायची आहेत."

"बाईमाणसाने चाकाला हात लावायचा नसतो, बेन," काका म्हणाले. "आमच्यात चालत नाय." मी हिरमुसले. काकांनी विडी पेटवली, दोन झुरके घेतले, आणि शेडच्या कोपऱ्यातल्या विजेच्या चाकाकडे बोट केलं. "पण ही मोटर आहे. मोटरला कुठला देव? तू ये उद्यापासून." खरं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्याला दिवाळीला हळदकुंकू मिळायचं, लग्नाच्या दिवसांत बायका वाजतगाजत येऊन त्याची पूजा करायच्या आणि मांडवाच्या चार कोपऱ्यांत रचायची रंगवलेली मडकी घेऊन जायच्या. देवाला काम नाही आणि कामाला देव नाही, अशी काकांनी घरातल्या घरात चोख वाटणी केली होती.

शिकवण्याची त्यांची पद्धत सांगायची तर पद्धत अशी नव्हतीच. सोमवारी म्हणायचे, "मातीला विचारत बसू नको, मातीला सांगायचं असतं." मी मातीला सांगायला लागले की मंगळवारी ओरडायचे, "हुकूम काय सोडतेस? ती काय तुझी सून आहे?" मी कालचं वाक्य आठवून दिलं तर म्हणायचे, "कालची माती वेगळी होती." बढाया मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. त्यांच्या आजोबांनी केलेल्या रांजणात म्हणे एक आख्खा बैल पडला होता, आणि त्याला बाहेर काढेपर्यंत तो आतच जेवत होता. ब्रह्मदेवालाही ते आपल्या जातभाईंतच धरायचे, पण त्याच्या कामाबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. रस्त्यावरून एखादा ओळखीचा माणूस जाताना दिसला की हळूच म्हणायचे, "बघ, हा पण त्याच्याच भट्टीतला. घाईत काढलेला माल."

तरी मोठं भांडं करायला काका बसले की मी तोंड बंद ठेवायचे. मोठा रांजण आख्खा चाकावर होत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. चाकावर फक्त गळा, खांदा आणि खाली जाडजूड मातीचा गोळा एवढंच निघतं. ते अर्धवट सुकलं की आत एका हाताने दगडी गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापीने थोपटायचं, थापी राखेत बुडवायची, परत थोपटायचं. जाड माती पातळ होत जाते आणि भांडं फुगतं. याला काका पोट काढणं म्हणत. पोट काढायला लागले की त्यांच्या बढाया थांबायच्या आणि ते स्वतःशीच काहीतरी गुणगुणत रांजणाभोवती फिरत राहायचे. माझ्या पहिल्या तीन भांड्यांची पोटं फाटली. "बाळंतपण कठीण आहे तुझं," एवढंच ते म्हणाले.

रंगकाम काकींकडे होतं. काकी म्हणजे काकांची बायको, अंगाने काडी आणि जिभेने सुरी. गेरू आणि पांढरी माती वेगवेगळ्या करवंट्यांत कालवायची, शिंदीच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा, आणि सुकलेल्या कच्च्या भांड्यावर वेली काढायच्या. भांडं नंतर भाजलं की रंग बसतो. काकींचा हात कधी थरथरला नाही आणि तोंड कधी थांबलं नाही. बोर्डीकडच्या एका रिसॉर्टवाल्याने मोठ्या रांजणांवर वारली नाच काढून मागितला, तेव्हा काकींनी मान हलवली. "ते त्यांचं आहे, ते त्यांनाच येतं. आम्ही वेल काढू, मोर काढू. नाच पाहिजे तर तुम्ही स्वतः नाचा." काका त्या माणसाला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "गेला. माल कच्चा होता."

या घरात एकच भांडण होतं आणि ते चाळीसेक वर्षं चाललेलं होतं. लग्न ठरताना काकींच्या वडिलांनी विचारलं होतं, पोरीला काय देणार? काका छाती पुढे काढून म्हणाले होते, तिच्या डोक्याएवढ्या उंचीचा रांजण देईन. त्यानंतर त्यांनी सगळ्या तालुक्याला रांजण दिले. काकींच्या घरात मात्र पाण्यासाठी निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं. "कुंभाराची बायको मी," काकी मला सांगायच्या, "आणि पाणी पिते वापीच्या फॅक्टरीतल्या पिंपातलं. ह्याला विचारलं की म्हणतो, माती बरोबर मिळाली की करतो. माती अजून मिळते आहे."

तेवढ्यात मुलाने, हितेशने, वापीला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी. त्याचं म्हणणं रास्त होतं. काकांच्या खांद्याचं दुखणं वाढलं होतं, छातीत धूर बसला होता, रात्रभर खोकायचे. "दिवाळीनंतर दोघं या, भट्टी बंद करा," तो म्हणाला. काकी पिंपावर हात ठेवून म्हणाल्या, "माझा रांजण घेतल्याशिवाय मी हे घर सोडणार नाय. तो बघितला की त्याच पावली निघते." हितेशला वाटलं, एवढंच ना. त्याने काकांना सांगितलं, मग करून टाका.

काका कामाला लागले ते ऐन पावसात. शेड गळायची म्हणून त्यांनी मधल्या खोलीत रांजण मांडला. मी गळ्याला हात दिला, खालचा भाग आम्ही मातीच्या वळ्या एकावर एक चढवून जोडला, आणि मग पोट काढणं सुरू झालं. ते संपेचना. आज झालं असं मला वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी जावं तर काका परत थापी घेऊन उभे. "अजून थोडं पाहिजे. उपाशी वाटतं." शेवटी एकदा मी सुतळी घेतली, रांजणाची रुंदी मोजली, मधल्या दाराची मोजली, आणि काकांसमोर दोन्ही सुतळ्या धरल्या. रांजण दाराहून वीतभर रुंद होता.

"माती आटते," काका म्हणाले. "शाळेत शिकवलं नाय तुला?"

माती आटते हे खरं. सुकताना आटते, भाजताना आणखी आटते. किती आटेल हे आधीच ओळखणं म्हणजेच कुंभाराचा अंदाज, आणि काकांचा तो अंदाज झाकण बसवण्यापासून लग्नाच्या उतरंडीपर्यंत कधी चुकल्याचं मला माहीत नव्हतं. मी सुतळ्या गुंडाळून ठेवल्या. पाऊस सरला, रांजण सुकला, दोन बोटं आटला आणि तिथेच थांबला. भट्टी अंगणात, रांजण मधल्या खोलीत, आणि मध्ये दार.

हितेश गवंड्याला घेऊन आला. चौकट काढू, थोडी भिंत पाडू, असं म्हणाला. काका दारात आडवे उभे राहिले. "हातोड्याचे दणके बसले तर कच्चा रांजण जागच्या जागी चिरेल. तुझ्या आईला तू सांगशील?" मग कौलं काढून वरून उचलायचं ठरलं. "कच्च्याला दोरी लावलीस तर दोरी वर जाईल, रांजण खालीच राहील," काका म्हणाले. हे दोन्ही अगदी बरोबर होतं, म्हणून हितेशने गवंड्याला परत पाठवलं. त्याने आईकडे बघितलं. काकी रांजणासमोर पाटावर बसून गेरू कालवत होत्या. "भाजल्याशिवाय रांजण म्हणजे काय," त्या म्हणाल्या, "नुसती माती. झाला की येते की मी."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. काकी रोज त्या रांजणावर एखादं पान काढायच्या, जास्त नाही. मलाही एक बाजू दिली होती, वेल काढायला शिकले ती तिथेच. माझं पान वाकडं आलं की काकी ओल्या फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "परत काढ, घाई कुणाला आहे?" मोजायचं तर मी चिकूचे दोन बहार पाहिले, पण त्या रांजणावरची वेल काही गळ्यापर्यंत पोचली नाही. वापीचा फ्लॅट कुलपात राहिला.

एकदा काकी बाजारात गेलेल्या असताना मी काकांना सरळ विचारलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?"

काकांनी विडी विझवली. "मुद्दाम चुकायला फार अक्कल लागते, बेन. माझ्याकडे तेवढी असती तर ब्रह्मदेवाचा धंदा मी नसता घेतला?" मग अंगणातल्या भट्टीकडे बघितलं. "तिसऱ्या मजल्यावर माती कुठे मळतात, तुला माहीत आहे का?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मला त्या म्हाताऱ्याची इतकी माया आली की मी उठून उगाचच झाडू मारायला लागले.

काका गेले ते थंडीत, दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आयुष्यभर ज्या माणसाने बोलण्यात कुणाला पहिली बारी दिली नाही, तो एक शब्द न बोलता गेला. त्यांच्या अंत्ययात्रेचं मडकं त्यांच्याच शेडमधून घेतलं. मी ते उचललं आणि बाजूला ठेवलं, दुसरं उचललं. पहिलं मी केलेलं होतं आणि ते फार बेढब होतं. काकांनी रस्ताभर शिव्या दिल्या असत्या.

तेरावं झालं. हितेश आईजवळ बसून हळूच म्हणाला, "आता तरी चल." काकींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा त्या पिंपातून कळशी कळशी पाणी काढून मधल्या खोलीत नेत होत्या आणि रांजणात ओतत होत्या. मी धावत आत गेले. "काकी, काय करताय? कच्चा आहे तो."

"पाणी भरते," काकी म्हणाल्या. "रांजण कशाला असतो?"

कच्च्या मातीत पाणी थोडा वेळ थांबतं. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. आधी बुडाशी ओल आली, मग गेरूची वेल खाली ओघळायला लागली, मग पोट एका बाजूला बसलं आणि सगळा रांजण हळूहळू खाली बसत गेला. आवाज फारसा झाला नाही. काकी त्या चिखलात पाय घालून उभ्या राहिल्या आणि तेव्हा पहिल्यांदा रडल्या, त्यांना रडता येतं हे मला माहीत नव्हतं. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "त्याच्याशिवाय इथे कशाला राहू? रांजण दारातून काढायचा होता ना? घमेलं आण."

आम्ही दोघींनी ती माती घमेल्याघमेल्याने त्याच दारातून बाहेर काढली. काकींनी ती टेम्पोत भरून माझ्या वाडीवर पाठवली. निघताना म्हणाल्या, "तुला अर्धंच येतं, पण आता तूच कर. माझं येणं बाकी आहे त्याच्याकडून."

ती माती मी भिजवली, गाळली, मळली. गेल्या महिन्यात गळा काढला, खालचा भाग जोडला, आणि सध्या ओटीवर रांजणाचं पोट काढते आहे. या वेळी फाटलं नाही. काकांची फार आठवण येते, विशेषतः हात बरोबर पडतो तेव्हा, कारण तसा तो पडल्याचं सांगायला कोणी नसतं.

काकींचा वापीहून फोन येतो. तिसऱ्या मजल्यावर त्यांना करमत नाही, पण हे त्या हितेशला सांगत नाहीत. परवा म्हणाल्या, "लिफ्टचं दार मी पदराने मोजलंय. दोन हात भरतं. त्याच्या आत बसेल असा कर, म्हणजे हितेश टेम्पो घेऊन येईल." मी बरं म्हटलं. काल संध्याकाळी रांजण बरोबर त्या मापाला आला. आज सकाळी मी थापी परत राखेत बुडवली आणि चांगलं वीतभर पोट आणखी काढलं. आटून आटून आटेल किती? या रांजणातलं पाणी प्यायला काकींना इथेच यावं लागेल.