कराराच्या पाठीवरचे अकरा खेळाडू

तमाम सुज्ञ जनांस कळवण्यात येते की, ज्या घरात आपल्याला भाडेकरू म्हणून शिरायचे आहे, तिथल्या भिंतीवरचा फोटो कुणाचा, हे करारावर सही होण्याआधी विचारू नये.

मी विचारलं. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये, शनिवारी सकाळी. घरमालक मूळचे उत्तर स्पेनमधले, बास्क. तरुणपणी इथल्या मोटारींच्या कारखान्यात आले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. करार टेबलावर होता, पेन त्यांच्या हातात. हा कागद सोमवारी वकिलातीत पोचला नाही तर बायकोच्या व्हिसाची तारीख हुकणार होती, आणि पुढची कधी मिळेल ते कुणीच सांगत नव्हतं.

"तो आमचा फुटबॉल क्लब," ते म्हणाले. पेन खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि बरोबर माझ्या आणि दाराच्या मधे बसले.

इंग्रजी बोटींवरच्या लोकांनी बंदरात हा खेळ आणला, तिथपासून सुरुवात झाली. सोफा इतका खोल होता की माझे गुडघे हनुवटीला लागत होते. वडीलधाऱ्यांचं बोलणं तोडायचं नाही, अशी घरची शिकवण. म्हणून मी दर दोन वाक्यांनी "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणायचो, आणि प्रत्येक "गेनाऊ"ला ते आणखी दहा वर्षं सांगायचे. यादवी युद्ध झालं. हुकूमशहाने क्लबचं इंग्रजी नाव बदलायला लावलं. अलीकडेच जुनं मैदान पाडलं, ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, कारण खिशात बायकोचा मेसेज होता: अहो, झाली का सही?

तेवढ्यात त्यांनी पेन उचललं. मी सोफ्यातून निम्मा वर आलो. त्यांनी करार पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या लाडक्या संघाची मांडणी काढली. अकरा गोल, शिवाय बाण.

मग ताठ बसून त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. क्लबात खेळाडू फक्त आपल्या मातीतला, नाहीतर तिथे घडलेला. कितीही हरलो तरी बाहेरचा घ्यायचा नाही. बाहेरचे आले की घर घर राहत नाही. "पटतंय ना?" त्यांनी विचारलं.

आता "गेनाऊ" म्हणावं तरी पंचाईत, न म्हणावं तरी पंचाईत. मी तोंड उघडलं, आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, मराठी "काका"सकट, निघून गेलं:

"पटतंय हो काका, पण भाडेकरू बाहेरचा चालेल ना?"