सासूबाईंचं मनगट

सेंटचं दुकान चालवणाऱ्या सूनबाईच्या अंगाला फळांचे वास मानवत नसत. अननसाचा सेंट मनगटावर मारला, की घटकाभरात त्याचं खोकल्याचं औषध व्हायचं आणि गिऱ्हाईक काढता पाय घ्यायचं. शेवटी तिने सासूबाईंनाच दुकानात आणून बसवलं. त्यांच्या सुरकुतलेल्या मनगटावर तोच सेंट नुकत्याच कापलेल्या फोडीसारखा घमघमायचा. बाटल्या हातोहात खपू लागल्या.

एकदा एक बाई तणतणत आली. “इथे अननस होता, घरी लावला तर आंबलेला रस!”

“मी बाटली विकली, मनगट नाही!” सूनबाई फणकारली. “माझ्या सासूबाई लाखात एक आहेत. तसं माणूस कुठून आणणार तुम्ही?”

स्टुलावरून सासूबाई हळूच म्हणाल्या, “हे घरी बोलायला काय होतं गं तुला?”