कोऱ्या जागेची सुकेळी

आमच्या गिरीज गावातल्या वाडीतली केळी बाबा उन्हात सुकवतात. प्रयोगशाळेत काही चांगलं घडलं की त्या सुकेळ्यांचा पुडा मी घेऊन जाते. त्या दिवशी जरा घाईच केली.

पेशींच्या वाढीला लगाम घालणारं एक प्रथिन आम्ही शोधत होतो. नेमकं त्यालाच चिकटेल अशी नवी अँटिबॉडी मागवली होती. पहिल्याच फिल्मवर ठसठशीत काळी पट्टी उमटली, म्हणजे प्रथिन सापडलं, आणि मी पुडा फोडला. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर आमच्या मॅडमनी विचारलं, "ज्या पेशींत हे प्रथिनच नाही, त्या तपासल्यास?"

तपासल्या. तिथेही तीच पट्टी. मेली अँटिबॉडी दिसेल त्याला चिकटत होती. माझं तोंड उतरलं, मॅडम बोटं चाटत म्हणाल्या, "सुकेळी मात्र अस्सल होती."

दुसरी अँटिबॉडी आली, तेव्हा आधी त्याच पेशी तपासल्या. जागा कोरी. शेजारी, प्रथिन असलेल्या पेशींत, पट्टी.

घरी बाबांनी विचारलं, "काय दिसलं?"

"जिथे काही दिसायला नको, तिथे काही दिसलं नाही."

"तण काढून निंदणी झाल्यावर मीही तेच बघतो," म्हणत त्यांनी माझ्या हातात दोन पुडे ठेवले.