मोरागची खुंटी

लॅक्लन मॅककर्डीनं उभ्या जन्मात एक बदक मारलं नव्हतं, आणि आमच्या तळ्याकाठी ही काही मिरवायची गोष्ट नाही. इथं मे महिन्याचा पहिला शनिवार, बदकांच्या शिकारीचा पहिला दिवस, म्हणजे सण. त्या दिवशी लग्न ठेवलं तर नवरदेवसुद्धा यायचा नाही. लॅक्लनच्या घरात बंदूक होती ती बायकोची. मोराग नेम धरायची. हा होडी वल्हवायचा, चहा ओतायचा, संध्याकाळी पिसं उपटत बसायचा. "आमच्यात शिकारी एक, हमाल एक," असं ती चारचौघांत म्हणायची आणि हा खुळ्यासारखा हसायचा.

पाणकणसात त्यांचं लपण होतं, खांबांवर पत्रे ठोकलेलं. आम्ही त्याला मायमाय म्हणतो. पण मायमाय बांधली म्हणून जागा आपली होत नाही. दर वर्षी समोर खुंटी ठोकून तिच्यावर आपला परवाना क्रमांक लिहायचा, आणि पहिल्या दिवशी सातला बार सुरू झाले की तासाभरात स्वतः जाऊन बसायचं. खुंटीवाला आला नाही, तर परवाना असलेला जो कुणी येऊन बसेल त्याची जागा.

मोरागनं मार्चमध्ये खुंटी ठोकली. एप्रिलमध्ये ती स्वतःच वारली.

"स्वतःचा परवाना काढ, ती खुंटी उपट, तुझी ठोक," सगळ्यांनी सांगून झालं. वॉटी गिलख्रिस्टची मायमाय पलीकडे, जिकडं बदकं फिरकत नाहीत. त्यानं तर भर दुकानात सांगून टाकलं, "लॅक्लन, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नकोस. आठ वाजले की मी आत."

"खुंटी आहे ना तिथं."

"खुंटी आहे रे बाबा. माणूस कुठाय?"

लॅक्लन दोनदा हातोडी घेऊन गेला. खुंटीवर मोरागच्या अक्षरात आकडे होते, आणि खाली दरवर्षीचीच ओळ: 'वॉटी, लांब राहा.' दोन्ही वेळा हातोडी तशीच घरी आली.

शनिवारी उजाडायच्या आत तो पिपला, म्हणजे मोरागच्या कुत्रीला, घेऊन मायमायीत जाऊन बसला. बाकावर तिच्या जागी तिचा रेनकोट ठेवला. चीज रोल सहा आणले होते. त्यातले चार तीच खायची. सातला चहूकडून बार उठले. पहिला थवा वळला, पाय खाली सोडून पाण्यावर घसरत आला. पहिला थवा मारायचा नाही, नुसता बघायचा, हा मोरागचा नियम. "ज्याला बघता येत नाही, त्यानं मारू नये." लॅक्लननं बघितला. दुसरा बघितला, तिसराही. इथं कुणी मारत नाही हे बदकांना कळायला किती वेळ लागतो? तासाभरात निम्म्या तळ्याचे निर्वासित त्याच्या पुढ्यात येऊन पोहत होते. आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला भूक लागली.

होडी खांबाला आपटली.

"आठ वाजून दोन मिनिटं," वॉटी म्हणाला. पाण्याकडं बघून त्यानं शीळ घातली. "म्हाताऱ्या, माझ्यासाठी ताट वाढून ठेवलंस की!"

"वॉटी, आजचा दिवस राहू दे."

"तू बस ना. तुला कोण उठवतंय?"

त्यानं रेनकोट खाली टाकला, बाकावर बसला आणि हाळी दिली. सगळं पाणीच जणू वर उठलं. दोन बार. तीन पक्षी पडले.

पिपनं सवयीनं उडी घेतली. तोंडात एक बदक धरून परत आली ती बाकाशी आली, वॉटीला हुंगून मागं सरली, आणि खाली पडलेल्या रेनकोटावर जाऊन बसली.

"दे इकडं," वॉटी म्हणाला. ती गुरगुरली.

"दे, पिप," लॅक्लन म्हणाला. तिनं नुसतं वर बघितलं. आजवर तिनं बदक एकाच हातात दिलं होतं.

तिच्या जबड्यातून एक पंख अजून हलत होता. एकदा. पुन्हा एकदा. वॉटीचं लक्ष नव्हतं, तो काडतुसं भरत होता. लॅक्लन गुडघ्यावर बसला, आणि मोराग कसं करायची ते आठवून त्यानं पक्ष्याची मान पिळली.

"लॅक्लननं शेवटी एक मारलं बरं का!" वॉटीनं संध्याकाळी गुत्त्यात सांगितलं. कुणी हसलं नाही.

मायमाय आता वॉटीची आहे. शेजारी त्यानं स्वतःची खुंटी ठोकली. जुनी मात्र अजून काढलेली नाही. तिच्यावर नाव माझंच आहे, म्हणतो.