पाचवं शील

आमच्या गावात मी आशा वर्कर. कोणाच्या घरी ताप आहे, कोणाची गोळी चुकली, कोणाच्या बाळाचं वजन वाढत नाही, सगळं मला ठाऊक. पण माझ्याच चुलीशी बसणाऱ्या सासूचा आजार मला दोन वर्षं कळला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

सासू रोवणीतली पक्की बाई. चिखलात वाकून, मागे मागे सरकत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायचे आणि बायांची रांग सोबत चालली पाहिजे. जी रेंगाळेल तिच्या दोन्ही बाजू लावून टाकायच्या, तिला मधे कोंडायचं आणि हसायचं, अशी आमच्याकडची रीत. हिने आयुष्यभर दुसऱ्यांना कोंडलं. मग एका हंगामात तीच कोंडली जाऊ लागली. सकाळी हात सपासप चाले. दुपार झाली की मूठ सुटे, मान खाली येई. बांधावर घटकाभर बसली की पुन्हा ठणठणीत! बायांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. "बसाले बरी हाये, कामालेच हात दुखते," एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं.

खरी बदनामी विहारात झाली. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्याकडे रोज संध्याकाळी वंदना होते. पंचशील सासू सांगायची. तिच्यामागून सगळ्यांनी म्हणायचं. त्या दिवशीही ती रोवणीहून आलेली. पहिली दोन शीलं खणखणीत झाली. तिसऱ्याला आवाज नाकात गेला. पाचवं शील दारू-नशेपासून दूर राहण्याचं; नेमकी तिथेच जीभ जड झाली, शब्द लोळले, डाव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की म्हातारी मोहाची घेते.

"मी थेंबभर नाही घेतली वो," ती घरी म्हणाली. माझा नवरा मान खाली घालून बसला. मी मात्र जबाबदार बाई ना! मी जवळ गेले आणि म्हटलं, "आई, तोंड उघडा." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि श्वास सोडला. अंबाडीच्या भाजीचा वास आला, बाकी काही नाही. तरी मी आत जाऊन तिच्या लुगड्यांची पेटी उपसली. लिहिताना लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

दवाखान्यात नेलं नाही असं नाही. पहाटेच निघायचं, नंबर लागेपर्यंत तीन तास बाकावर बसायचं. तेवढ्या आरामाने ती ताजीतवानी होऊन डॉक्टरसमोर जायची. "अम्मा तो एकदम फिट है," कंपाउंडर हसायचा. रक्तवाढीच्या गोळ्या, एक सलाईन, चला घरी. आणि मीही डॉक्टरांना फक्त 'अशक्तपणा' सांगायची. संध्याकाळची जीभ, पापणी, एक अक्षर नाही. सांगितलं तर डॉक्टर दारूचं विचारतील, आणि आशाताईची सासू पिते हे कागदावर येईल, ही भीती. दुसऱ्यांना 'काही लपवू नका' म्हणून शिकवणारी मीच ती!

मग एका संध्याकाळी तिला पाणी गिळता येईना, ते नाकातून बाहेर आलं, श्वास अडकला. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईने विचारलं, "संध्याकाळी वाढतं का?" एवढा साधा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. मी रडत सगळं सांगून टाकलं. पुढे सासू जरा सावरल्यावर डॉक्टरीणबाईने तिला वर फिरत्या पंख्याकडे पाहत राहायला सांगितलं. मिनिटभरात पापण्या आपोआप उतरल्या, जशी विहारात डावी उतरली होती. आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. स्नायू धडधाकट असतात, नसही सांगत असते. पण काम वाढत गेलं की नसेचं सांगणं स्नायूला पोचेनासं होतं. विश्रांती मिळाली की पुन्हा पोचतं. म्हणजे दोन वर्षं ज्याला आम्ही कामचुकारपणा म्हणत होतो, तेच या आजाराचं लक्षण होतं.

गोळ्या लागू पडल्या. जीभ सुटली, घास उतरू लागला. गावाला आनंद झाला, पण भलताच. "सुटली वाटते एकदाची म्हातारीची दारू," बाया म्हणू लागल्या. मी नळावर उभी राहून आजार समजावला, तर त्या माना डोलवून हसल्या. त्यांतल्या एकीने मला बाजूला घेतलं. "ताई, त्या गोळ्यायचं नाव लिहून द्या ना. आमच्या घरच्यालेही देऊन पाहू." माझा संताप झाला. पण ओरडणार कोणत्या तोंडाने? पेटी मीच उपसली होती.

विहारात आता दुसरी बाई पंचशील सांगते. सासू मागच्या रांगेत बसते आणि ओठ हलवते.

काल संध्याकाळी फेरी आटोपून घरी आले. तिच्या गोळीची वेळ झाली होती, म्हणून पाण्याचा पेला घेऊन तिच्याजवळ वाकले. मी काही बोलायच्या आत तिने तोंड उघडलं आणि माझ्या तोंडावर श्वास सोडला.

"पाहून घे," म्हणाली, "आजही नाही घेतली."