मास्तरांचा १४२८५७

टेमघरच्या आमच्या यंत्रमाग कारखान्यात लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला सगळे मास्तर म्हणतात. बोलताना हातातला पाना लूमवर ठोकायची त्यांना सवय आहे, आणि फुशारकीत त्यांचा हात कोणी धरणार नाही.

सुताचं नवं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवलं की लूमचं मीटर शून्यापासून आडवे धागे मोजू लागतं. माझ्या लूमचं मीटर १४२८५७च्या जवळ आलं की मास्तर मोटर बंद करतात आणि उरलेले धागे हाताने चाक फिरवून घालतात. मग ओरडतात, "आओ रे, देखो! ह्याला दोनने गुणा, तीनने गुणा, पार सहापर्यंत. तेच अंक, तोच क्रम, फक्त सुरुवात बदलते. बाहेरचा कोणी घुसत न्हाय!"

एकदा शेठ तावातावाने आले. "लूम बंद का?"

मास्तर जागचे हलले नाहीत. "शेठ, सातने गुणा."

शेठनी मोबाइल काढला. सहाच्या सहा नऊ! मोबाइल खिशात टाकून ते निघून गेले.

परवा मीटर त्या आकड्याजवळ आलं, तर शेठच माझ्या लूमपाशी हजर. "मास्तर, चाक मी फिरवू?"

"फिरवा," मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "पण हळू. निसटला तर ह्या बीमला परत भेटणार न्हाय."